लोहग्रहाच्या चिलखतांचे इन्स्पेक्टर

मंगळावर हवा किती पातळ, सूर्यप्रकाश इथवर यायला किती वेळ घेतो, असलं काहीही विचारा, मी घडाघडा सांगेन. जळगावात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेवढं तोंडपाठ असणारच. पण मीच लिहिलेल्या कथेतल्या सैनिकाच्या छातीवर पट्ट्या किती, असं एका माणसाने मला विचारलं आणि माझी बोबडी वळली. त्या माणसाचं नाव आत्माराम सुरवाडे. दुकानादुकानांतून वजनं-मापं तपासत फिरायची त्यांची सरकारी नोकरी. सगळे त्यांना आबा म्हणत. या माणसाने उभ्या जन्मात खोट्या मापावर शिक्का मारला नाही, आणि अशा माणसाशी मी एकदा भर दुपारी, सहा जणांच्या देखत खोटं बोललो. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी माझा मूर्खपणा सांगावा लागेल. तो बराच आहे, जरा बूड टेकून बसा.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. माझी एक विज्ञानकथा जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात छापून आली होती. नाव ‘लोहग्रहाची पलटण’. लोहग्रह नावाच्या ग्रहावरचे सहा चिलखती सैनिक पृथ्वीवर उतरतात आणि माणुसकी बघून परत जातात, अशी ती गोष्ट. ती छापून आल्यावर मी महिनाभर रस्त्याने जरा सावकाश चालत असे, म्हणजे कोणाला थांबवून काही बोलायचं असलं तर सोयीचं जावं. कोणी थांबवलं नाही. आमच्या सुमनने, म्हणजे बायकोने, पहिली चार पानं वाचून अंक उलटा ठेवला तो रद्दीच्या दिवशीच उचलला. पण आमच्या हौशी नाटक मंडळीत माझा शब्द चाले. टेलिफोन खात्यातला ताडमाड प्रकाश पाटील आणि त्याचे पाच मित्र, असे सहा तरुण गडी मला ‘सर, सर’ करत. मी त्या कथेची एकांकिका केली आणि धुळ्याच्या उन्हाळी स्पर्धेत नाव नोंदवलं.

तालमी चालत दाणाबाजारातल्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये. चिलखतं आम्ही पुठ्ठ्याची केली होती, वर चंदेरी बेगड. एक दिवस शेजारच्या दुकानातली तागडी तपासून आबा बाहेर पडले आणि आमचा आवाज ऐकून आत डोकावले. बुटकी, काटकुळी मूर्ती, राखी सफारी, काखेत कातडी बॅग. खिशात पोलादी टेप, खडू, आणि लहान मुलाच्या पायमोज्यात घातलेला जाडी मोजायचा कॅलिपर. प्रकाशच्या छातीवरच्या पुठ्ठ्याकडे ते मिनिटभर बघत राहिले.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं. आबा धरणगावचे. एरवी ऑफिसातली मराठी बोलत, पण नवल वाटलं की गावची बोली तोंडात येई.

मी छाती फुगवून सांगितलं की हा लोहग्रहावरचा सैनिक, आणि लेखक मी. अंकाची एक प्रतही दिली. माझ्या पिशवीत तेव्हा कायम दोन-तीन प्रती असत.

चार दिवसांनी आबा शाळेत हजर. हातात वही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसले. मला वाटलं, अभिप्राय लिहून आणला असेल. वहीत त्रेचाळीस शंका होत्या.

“सर, पान तीनवर छातीला सात पट्ट्या. पान अकरावर नऊ. मधल्या दोन कोणी बसवल्या?”

“अहो, ते लिहिताना भावनेच्या भरात...”

“पान पंधरा. शिरस्त्राण हवाबंद. पान सोळा, सैनिक कपाळाचा घाम पुसतो. शिरस्त्राण काढल्याची नोंद नाही.”

शेजारी बसलेले ड्रॉइंगचे सर डबा खायचा थांबून ऐकू लागले. आबांचं बोट खाली सरकलं.

“चिलखताचं वजन दोन मण. आणि हा गडी चर ओलांडून उडी मारतो. तुमच्या लोहग्रहावर वजन जास्त भरतं का, म्हणून इथे त्याला हलकं वाटतं? किती पट?”

आता मी नववीला गुरुत्वाकर्षण शिकवणारा माणूस. पण हा विचार मला शिवलाही नव्हता. शेवटी वैतागून म्हणालो, “आबा, अहो हे सगळं खोटंच आहे. तो ग्रहच नाही कुठे!”

“ग्रह नाही हे मान्य,” आबा शांतपणे म्हणाले. “पण तुम्ही एकदा लिहिलं ना? मग त्या सैनिकापुरतं ते माप झालं. आता त्याप्रमाणे तरी करा.”

ड्रॉइंगच्या सरांना इतका जोराचा ठसका लागला की पाणी आणावं लागलं. मला राग आला होता, खरं सांगतो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की माझी गोष्ट शेवटपर्यंत वाचलेला हा जळगाव जिल्ह्यातला पहिला माणूस. संपादकाने तरी वाचली होती की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याकडे गेलो आणि चिलखतांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

मग ‘प्रमाणवही’ सुरू झाली. लाल पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर. त्यात चिलखताच्या प्रत्येक भागाचं माप: छातीच्या पट्ट्या सात, प्रत्येकीची रुंदी, दोन पट्ट्यांमधली फट, खांद्याच्या वाटीचा बाक, शिरस्त्राणाच्या फटी तीन, त्यांची लांबी. नोकरीत आबा मिलिमीटरचे, पण जीव ओतायचा असला की इंच आणि सूत काढत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. “डावा खांदा दोन सूत वर शे,” असं ते म्हणाले की प्रकाश बिचारा स्वतःचाच खांदा खाली दाबू लागे. भाग मापात बसला की त्यावर आतल्या बाजूने शिक्का. सरकारी शिक्का नव्हे, तो कचेरीच्या पेटीत कुलपात. हा घरचा, खिळ्याचं टोक घासून केलेला, तीन टिंबांचा. माप चुकलं तर त्याच खिळ्याने फुली. फुलीवाला भाग पुन्हा करायचा, त्यात वशिला नाही.

मी नियम थोडे सैल करून बघितले. म्हटलं, “आबा, पाठीकडचा भाग पुठ्ठ्याचाच राहू दे. प्रेक्षकांना पाठ दिसतच नाही.”

“सैनिकाला पाठ आहे ना?” ते म्हणाले आणि पाठीचं माप घेऊ लागले.

पण ते हटवादी होते असं समजू नका. एकदा मी चिडून विचारलं, की तुम्हाला काडीचीही चूक चालत नाही का? तेव्हा त्यांनी बॅगेतून एक किलोचं वजन काढून माझ्या हातावर ठेवलं. “हे बरोबर किलो नाही, सर. जगातलं कुठलंच नसतं. वजनाला सूट असते. चूक असणारच. चूक किती आहे हे लिहून ठेवलं की तिची भीती राहत नाही. लपवली की मग ती खोट.” हे वाक्य मी तेव्हा मोठ्या कौतुकाने डायरीत उतरवून घेतलं. उतरवून घेण्यापलीकडे त्याचं मी काय केलं ते पुढे येईलच.

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे आमच्या घरात भांडणं होत. ज्याची तपासणी चालू असेल त्याच्याकडे आबा चहा घेत नसत. दुकानदारांकडे तर नाहीच, पण आमच्या मेहरूणच्या घरी रोज येऊनसुद्धा नाही. सुमन पहिल्या दिवशी कप घेऊन बाहेर आली तेव्हा आबा हात जोडून उभे राहिले. “वहिनी, रागावू नका. सरांची तपासणी चालू आहे.”

“कधी संपेल हो?” तिने विचारलं.

“बठ्ठं मापात बसलं म्हणजे. सगळं.”

स्पर्धेपर्यंत हेच. ते गेल्यावर सुमन तो चहा माझ्यापुढे आदळायची. “एवढा भला माणूस आणि आपल्या घरचा घोट घेत नाही. त्याला तुमच्यात काहीतरी दिसत असणार, सांगून ठेवते!” मी हसण्यावारी न्यायचो.

चिलखत पुठ्ठ्याचं नकोच, हे आबांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. कशाचं करायचं, याचं उत्तर आमच्याकडे बांधाबांधावर पडलेलं होतं. केळीला पाणी न्यायचे पीव्हीसीचे पाईप. सहा इंची पाईप हॅकसॉने उभा चिरायचा, पिंपात उकळत्या पाण्यात धरायचा, मऊ झाला की उलगडून साच्यावर दाबायचा आणि गार पाणी मारायचं. साचा म्हणजे वाळू भरलेली पोती. पण पोत्याला माणसाच्या छातीचा बाक येईना, म्हणून आबांनी प्रकाशला दोन गोधड्या गुंडाळून आमच्या घराच्या ओट्यावर आडवं केलं आणि वाफाळता पाईप त्याच्या छातीवर दाबला. “मेलो, मेलो!” प्रकाश ओरडत होता आणि आबा त्याच्या पोटावर गुडघा टेकवून सांगत होते, “श्वास धरून ठेव, नाहीतर बाक बदलेल!” समोरच्या माळीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं मारामारी लागली. पण भाग असा सुरेख उतरला, की प्रकाशने स्वतःच दुसऱ्यासाठी पुन्हा गोधडी गुंडाळून घेतली. वरून गर्द लाल रंग दिला. रंग माझ्या पसंतीचा होता, हे लक्षात ठेवा.

सहा चिलखतं तयार झाली तेव्हा आबा म्हणाले, नुसतं माप पुरेसं नाही, वापरून बघितलं पाहिजे. आणि एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता ते स्वतः चिलखत घालून मेहरूणच्या तलावाकाठी चालायला गेले. मी बरोबर होतो, पण ओळख लागू नये इतक्या अंतरावर. बुटक्या आबांना प्रकाशच्या मापाचं चिलखत गुडघ्यापर्यंत येत होतं. तलावात डुंबणाऱ्या म्हशी उठल्या आणि गवळ्याला न जुमानता पलीकडच्या काठाने बाहेर पडल्या. फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांनी रस्ता दिला. एका किराणा दुकानदाराने चाल ओळखली आणि हात जोडून म्हणाला, “साहेब, आता हे घालून येणार का दुकानं तपासायला? आधी सांगा, मी गावाला जातो!” आबांनी शिरस्त्राणाच्या आतून “नमस्कार” म्हटलं आणि थांबले नाहीत. ते बसले, उठले, वाकून पडलेला रुमाल उचलला, पाणी प्यायले, खाज आली तर हात कुठवर पोचतो ते पाहिलं. नऊपर्यंत हे चाललं. ऊन चढलं तेव्हा त्यांनी खांद्याची वाटी अंगठ्याने दाबून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

त्या दिवशी वहीच्या मागच्या पानांवर, नियमांच्या यादीत, सत्ताविसावा नियम आला. ‘वस्तू उन्हात ठेवू नये. प्रवासात सावलीत, माणसाजवळ न्यावी.’

मी तो वाचला आणि माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. म्हणालो, “आबा, पुस्तकात दिलंय, पीव्हीसी मऊ व्हायला पाऊणशे-ऐंशी अंश लागतात. हे धुळं आहे, भट्टी नव्हे.”

“पुस्तकात असेल. माझ्या अंगठ्याला वेगळं लागलं.”

“राहू द्या हो,” मी म्हटलं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्यांना कामासाठी धुळ्याला जावं लागलं. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाले, “सर, बाकी काही झालं तरी चालेल, सत्तावीस पाळा.” मी मान डोलावली. आणि ते गेल्यावर पेन काढून सत्ताविसाव्या नियमावर एक झकास आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘अशास्त्रीय’. खाली सहीसुद्धा केली.

निघायच्या दिवशी बसमध्ये लग्नाचं वऱ्हाड. पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर म्हणाला, गाठोडी टपावर टाका. प्रकाश म्हणाला, “सर, आबा म्हणाले होते...” मी म्हटलं, “आबा विज्ञान शिकवतात की मी?” गोणपाटात बांधलेली सहा चिलखतं टपावर गेली. त्यांच्यावर वऱ्हाडाच्या रुखवताचं लोखंडी कपाट आडवं चढलं, आणि दोरखंड करकचून बांधला गेला. मे महिना, सकाळचे साडेदहा. पारोळ्याला चाक पंक्चर. तास-सव्वा तास बस उन्हात उभी. आम्ही लिंबाखाली बसून सरबत प्यायलो आणि मी पोरांना अवकाशातल्या तापमानावर माहिती दिली. गडद रंग उष्णता जास्त शोषतो हे मी आठवीला दरसाल शिकवतो. तेही त्या ओघात सांगितलं असेल, आठवत नाही.

धुळ्याला एका शाळेत उतरायची सोय होती. आबा फाटकातच उभे. गोणपाट सोडलं. छातीच्या भागांचे पार तवे झाले होते. खांद्याच्या वाट्या बसलेल्या. एका शिरस्त्राणावर कपाटाची कड अशी उठली होती, की बिजागरीसुद्धा मोजता आली असती. प्रयोगाला चार तास.

आबा खाली बसले. टेप काढला. एकेका भागाचं माप घेत, पुटपुटत वहीतली मापांची पानं बघत राहिले; मागच्या नियमांपर्यंत गेले नाहीत. मग मान वर करून मला विचारलं, “सर, टपावर होतं का?”

आता बघा, खरं सांगायला काय लागत होतं? ‘हो’ एवढंच. पण समोर सहा पोरं, ज्यांना मी पारोळ्यापर्यंत विज्ञान शिकवत आलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाही, नाही. आतच होतं. सीटखाली. वरून वऱ्हाडाच्या ट्रंका रेटल्या होत्या.”

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. सर म्हटल्यावर कोण बोलणार?

आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. क्षणाचाही विचार केला नाही. “मग माझाच हात चुकला,” ते म्हणाले. “गार करताना घाई झाली असेल. सावलीत सुद्धा टिकलं नाही म्हणजे मुळात कच्चं.” त्यांनी तो खिळा काढला आणि स्वतःच्या तीन टिंबांवर, एकेका भागावर, फुली मारत गेले. छत्तीस भाग. मी उभा राहून बघत होतो. थांबा म्हणावंसं वाटत होतं, पण म्हटलं नाही.

मग त्यांनी सफारीच्या बाह्या वर केल्या. शेजारच्या मांडवात आचाऱ्याकडे उकळत्या पाण्याचं पातेलं होतं, ते मागून घेतलं आणि साडेतीन तास भाग उकळून, दाबून, गार करून पुन्हा उभे केले. डाव्या हाताला पोळून हा एवढा फोड आला. पाच चिलखतं मापात बसली. सहावं बसेना, त्यावर फुलीच राहिली. मी म्हटलं, “चालवून घेऊ.” आबांनी नुसती मान हलवली. शेवटी मी ऐन वेळी संहितेत एक वाक्य घातलं, “आपला सहावा वाटेतच पडला.”

प्रयोग झाला. निकालाच्या वेळी परीक्षक म्हणाले, “चिलखतं पटली, कथा पटली नाही. सगळ्या संहितेत एकच वाक्य मनात राहिलं, तो सहावा वाटेत पडल्याचं.” वेशभूषेचं पहिलं बक्षीस आम्हाला. मंडळाचा प्रमुख म्हणून नाव पुकारलं माझं, आणि मी गेलो की वर! हार घातला, फोटो काढला. खाली तिसऱ्या रांगेत आबा हाताला ओलं फडकं गुंडाळून टाळ्या वाजवत होते. फडक्यामुळे आवाज येत नव्हता.

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. आठ दिवसांनी प्रकाशच्या हाती तो शिक्क्याचा खिळा आणि एक चिठ्ठी आली. ‘ज्याचा हात चुकतो त्याने शिक्का मारू नये. वही आपल्याकडे असू द्यावी.’ मी चिठ्ठी डायरीत ठेवली. पुढच्या दिवाळीला मी ‘अचूकतेचा ध्यास’ नावाचा लेख लिहिला. त्यात मी होतो, धुळं होतं, बक्षीस होतं. आबा दोन ओळींत. बस नव्हतीच. लाज नावाची वस्तू माणसात किती असावी याचं माप कोणी ठरवलेलं नाही, नाहीतर मी तेव्हाच रद्द झालो असतो.

पाच-सहा वर्षं गेली. एकदा बाजारात तोच किराणा दुकानदार भेटला, तलावावरचा. बोलता बोलता आबांचा विषय निघाला. म्हणाला, “साहेब रिटायर झाले. धरणगावला असतात. भला माणूस, पण शेवटी शेवटी फार त्रास काढला बघा. प्रत्येक वजन दोनदा, तीनदा तपासायचे. माझ्याकडे संध्याकाळपर्यंत बसून राहायचे. मी म्हटलं, साहेब, पूर्वी तुम्ही हातात घेऊन सांगायचे. तर म्हणाले, धुळ्याला एकदा माझा हात चुकला, तेव्हापासून हाताचा भरवसा नाही.”

मी साखर घ्यायला गेलो होतो. साखर न घेताच घरी आलो. सुमनला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “उद्याची पहिली गाडी पकडा. आणि तोंड घेऊन जा, लेख नको.”

धरणगावात घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात बाज, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आबांच्या पत्नीने ओळखलं. “या सर, बठा. कितला दिनम्हा उनात!” इतक्या वर्षांनी आलो होतो, त्या म्हणणारच. आबा बाजेवर बसून नातीच्या पाटीवर पट्टीने रेघा आखून देत होते. एक रेघ आखायची, पट्टी उलटी धरून पुन्हा तपासायची. केस पार पांढरे झालेले. डाव्या हातावर पोळल्याचा डाग होता.

मी प्रस्तावना करायला लागलो. जुनी सवय. मग ती मध्येच सोडली आणि म्हणालो, “आबा, चिलखतं टपावर होती. सत्तावीस मी खोडला होता. मी तुमच्याशी खोटं बोललो.” आणि पिशवीतून प्रमाणवही काढून तो नियम, माझी रेघ, ‘अशास्त्रीय’, सही, सगळं त्यांच्यापुढे उघडं ठेवलं.

आबांनी चष्मा लावला. पान वाचलं. रागावतील, घराबाहेर काढतील, असं मला वाटत होतं, आणि काढलं असतं तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी पेन मागितलं.

“बस किती वाजता सुटली?”

मी सांगितलं. मग वर काय होतं, कपाट केवढं, पारोळ्याला किती वेळ उभी, तोंड कोणत्या दिशेला. मला आठवेल तसं मी सांगत गेलो आणि ते सत्ताविसाव्या नियमाखाली बारीक अक्षरात लिहीत गेले. लिहून झाल्यावर त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तो बऱ्याच दिवसांनी गावाहून आला होता.

“म्हन्जे मना हात चुकेल नव्हता,” ते हळूच म्हणाले.

“नव्हता आबा. कधीच नव्हता.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते पुसायच्या आधी त्यांनी वही मिटून मला दिली. खिळा मी बरोबर नेला होता, तो त्यांनी ठेवून घेतला. माफ केलं असं काही ते बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

महिन्याभराने एका दुपारी आमच्या मेहरूणच्या घराचं फाटक वाजलं. आबा. पेन्शनच्या कामाला जळगावला आले होते. तीच कातडी बॅग, खिशात टेप. आत आले, खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली. सुमन दारात आली आणि सवयीने काही विचारणार नव्हती. आबाच म्हणाले,

“वहिनी, चहा टाका.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तिची इतकी गडबड उडाली, की साखर दोनदा पडली. चहा म्हणजे निव्वळ पाक. आबांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि सावकाश शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

“साखर जास्त झाली का हो?” तिने विचारलं.

“झाली,” आबा म्हणाले. “दीड चमचा. चालेल, सूट असते.”

आणि त्यांनी कप पुन्हा पुढे केला.